नामदेवरावांची चक्कर

किस्से कानातल्या मळासारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, आपोआप साठतात. मग एक दिवस डोक्यात गुणगुण सुरू होते आणि कळतं, की आता काढायलाच हवेत!

माझे सगळे किस्से अकोल्याच्या धर्मादाय दवाखान्यातले. जन्म माझाही अकोल्याचाच. पण सातव्या वर्षी मावशीकडे पुण्याला गेले, ती शाळा, कॉलेज, विलायत असं करत करत कान-नाक-घशाची डॉक्टर होऊनच परतले. परतताना बोटीवर मी भाषणं पाठ करत होते. वाटलं होतं, वऱ्हाड विज्ञानाची वाट बघत दारात उभं असेल. मी एकेक कान उघडत जाईन आणि त्यातून अज्ञान आपोआप बाहेर पडेल.

बाहेर पडलं ते तेल! लसणीचं, निंबाचं, कशाकशाचं. तेलाखाली कापूस आणि कापसाखाली कधी तुरीचा दाणा. मी आल्या आल्या दारावर पाटी लावली : ‘कानात तेल घालू नये.’

पहिल्याच दिवशी एका आजोबांनी ती मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि आमच्या नर्सला, कौसल्याबाईंना, विचारलं, “मंग नाकात टाकू काय?”

*

दुसऱ्या आठवड्यात नामदेवराव आले. सरकारी गाडीचे ड्रायव्हर. उजव्या कानाला दडे बसलेले, कंडक्टरची घंटी ऐकू येत नाही, म्हणून डेपोनं तपासायला पाठवलेले. कौसल्याबाई पाणी उकळायला गेल्या होत्या. मी एकटीच होते आणि फार उत्साहात होते.

विलायतेत शिकवलं होतं, की कानाच्या माणसाला चक्करेबद्दल विचारायला विसरू नये. मी विचारलं, “चक्कर येते का?”

नामदेवरावांनी डावा कान पुढे केला. “चक्कर ना? रोजच्या दोन.”

“रोजच्या दोन! कधी सुरू होते?”

“पयली सकायी सातले.”

“किती वेळ राहते?”

“जाऊन-येऊन दोन घंटे.”

मी लिहिलं : येऊन-जाऊन, दोन तास. मग घाबरतच विचारलं, “आणि त्या वेळी गाडीत माणसं असतात?”

“असतात म्हंजे? बाजाराच्या दिवशी टपावर बी असतात!”

मी तिथल्या तिथे डेपोला चिठ्ठी लिहिली : ‘यांना वाहन चालवू देऊ नये.’ खाली दोनदा रेघ मारली. त्या दिवशी आपण पन्नास-साठ जीव वाचवले, या आनंदात मी जेवायचीही विसरले.

आठ दिवसांनी नामदेवराव पुन्हा आले. खाकी डगला अंगात नव्हता. बाह्या कोपरापर्यंत वर, हात पाण्यानं पांढरे पडलेले.

“बाई, तुमी तं माही चक्कर बंद करून टाकली,” ते म्हणाले.

“अरे वा! मग चांगलंच झालं की!”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कौसल्याबाई हातातलं काम टाकून पुढे आल्या. “बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “आपल्याकडं गाडीच्या खेपेले बी चक्करच म्हनतेत. अकोला ते बार्शीटाकळी, रोजच्या दोन.”

मी माझ्याच अक्षरातलं ‘येऊन-जाऊन, दोन तास’ पुन्हा वाचलं. आणि मी कानाची डॉक्टर!

*

मी तशीच उठून डेपोत गेले. विदर्भ नुकताच नव्या राज्यात आला होता आणि डेपोचे साहेबही मुंबईकडचे, नवे होते. त्यांनी माझी चिठ्ठी काढली, रेघांवर बोट ठेवलं.

“डॉक्टरीणबाई, मागच्या आठवड्यात तुम्ही लिहिता चक्कर आहे. आज म्हणता नाही. उद्या काय म्हणाल?”

मी भाषेचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

“बरं, चक्कर सोडा. कान तर बंद आहे ना? महिनाभरात उघडा. मग मी स्वतः तपासीन. नाही उघडला, तर गाड्या धुवायचं काम कायम.”

खिडकीतून नामदेवराव दिसत होते. बादली आणि फडकं घेऊन स्वतःचीच गाडी धूत होते. ते त्यांच्या वस्तीतले पहिले ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा पोरंसोरं गाडीमागे ओरडत पळायची, “आपला माणूस गाडी चालोते!” त्यांच्या आधीच्या साऱ्या पिढ्यांनी लोकांचं धुतलं-झाडलं होतं. हे मला त्यांनी नाही, कौसल्याबाईंनी सांगितलं. तेही रस्त्यात, माझ्याकडे न बघता.

*

म्हणजे मी शहाणी झाले असं मुळीच नाही!

कान तपासायला मी मागे उभी राहून हळू आवाजात शब्द बोलायची आणि पेशंटनं ते परत म्हणायचे. विलायतेतली यादी मी स्वतः मराठीत बसवली होती. एक बाई आली, भातकुलीची, नऊवारी, डोक्यावर पदर.

“पाऊस.” “पाऊस.”

“साखर.” “साखर.”

“गणपत.” काही नाही.

“विहीर.” “विहीर.”

“गणपत.” काही नाही. मी जवळ गेले, जवळजवळ ओरडले, “गणपत!” बाईची मान खाली.

एकाच शब्दाला बहिरा असलेला कान मी कधी पाहिला नव्हता. पुस्तकातही नव्हता! माझ्या विलायतेतल्या प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली. तोवर कौसल्याबाईंनी बाहेर बसलेल्या त्या बाईच्या नवऱ्याला आत बोलावण्यासाठी दारातून हाक मारली, “ओ गनपतराव!”

*

परतवाड्याच्या एका लाकूडवाल्यांचं घोरणं अमरावतीपर्यंत माहीत होतं. घोरता घोरता श्वास मधेच थांबायचा, मग बार उडावा तसा पुन्हा सुरू! पण पेशंट ते नव्हते. पेशंट त्यांची बायको होती. कान ठणकतो, उठलं की गरगरतं.

(एव्हाना मी ‘गरगरतं का?’ असंच विचारत होते.)

तिच्या दोन्ही कानांतून मी चिमट्यानं कापूस काढला. एवढा, की त्यात निरांजनाच्या वाती झाल्या असत्या. थेंब दिले, धुतलं. गरगरणं थांबलं, ठणका थांबला. बाई आशीर्वाद देत गेली.

चौथ्या दिवशी परत हजर! डोळे सुजलेले, जांभया आवरेनात.

“आता काय होतंय?” मी विचारलं.

“काई नाई बाई,” ती हात जोडून म्हणाली, “तो कापूस जसा होता तसा टाकून द्या.”

*

नामदेवरावांचं दुखणं साधं होतं. सर्दी मुरून नाकापासून कानाकडे जाणारी वाट मिटली होती. त्यावर माझ्याकडे विलायतेचा रबरी फुगा होता. त्याची नळी एका नाकपुडीत धरायची, दुसरी दाबायची आणि पेशंटनं ‘कक्’ म्हणताच फुगा पिळायचा. ‘क’ म्हणताना टाळू वर जाते, हवेला कानाकडची वाट मिळते. कान ‘टक्’ करून उघडतो. वेळ मात्र नेमकी साधावी लागते.

वेळ काही साधेना. मी म्हणायची, “म्हणा, कक्.” लोक आधी मला न्याहाळायचे, मग भिंतीवरचा तक्ता, मग लाजायचे. ज्याच्या नाकात एका अनोळखी बाईनं नळी घातली आहे, त्यानं कोंबडीसारखं का ओरडावं?

एका सकाळी एका धिप्पाड शेतकऱ्याला मी वैतागून म्हटलं, “अहो, म्हणा ना कक्!”

तो म्हणाला, “काहून?”

माझा हात आपोआप दाबला गेला. टक्! कान उघडला!

वऱ्हाडी ‘का?’सुद्धा ‘क’पासूनच सुरू होतो! त्या दिवसानंतर मी ‘कक्’ची गोष्टच काढली नाही. नळी धरायची आणि म्हणायचं, “म्हणा.” वऱ्हाडात असा एक माणूस निघाला नाही, ज्यानं “काहून?” विचारलं नाही!

*

मे महिन्यात अकोल्याच्या उन्हानं फुगा तडकला. नवा विलायतेहून यायला तीन महिने. नामदेवरावांचं नाक साफ होईपर्यंत त्यांना फुगा लावता आला नव्हता, आणि आता त्यांचे दिवस उरले होते अकरा.

“असा असतो होय तो?” नामदेवराव तडकलेला फुगा उलटसुलट करत म्हणाले. “हे तं भोंग्याचं रबर हाय, बाई!”

दुसऱ्या दिवशी एका मोडीत निघालेल्या लॉरीचा भोंगा त्यांनी आणला. पुढचा कर्णा काढून टाकलेला. रबर जाड, दणकट, उन्हाला पुरून उरलेलं. आम्ही ते साबणानं चारदा धुतलं, पितळी तोंडाला माझी नळी बसवली. अगदी घट्ट बसली.

पहिला मान एका म्हाताऱ्या पाटलांना दिला. दोन वर्षांपासून त्यांना घरच्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं. नळी धरली. “म्हणा.”

“काहून?”

मी फुगा पिळला.

भोंऽऽऽ!

पितळी तोंडातली शिट्टी काढायची राहून गेली होती! पाटील खुर्चीवरून उडाले. “आलं! आयकू आलं!” म्हणून ओरडले. मी धावत जाऊन बाहेर डोकावले, तर व्हरांड्यातली पेशंटची सगळी रांग भिंतीला चिकटून उभी होती, गाडीला वाट द्यायला!

शिट्टी काढल्यावर दुसरा नंबर नामदेवरावांचा. सात दिवस रोज आले. सातव्या दिवशी ‘टक्’ झालं. ते टेबलाकडे वळले. मग म्हणाले, “बाई, तुमचं घड्याळ लय जोरानं चालते.”

*

परीक्षा डेपोच्या अंगणात झाली. साहेब खुर्चीवर, शेजारी कारकून कागद घेऊन, मी स्टुलावर. नामदेवराव वीस पावलांवर, भिंतीकडे तोंड करून. धुतलेला खाकी डगला घालून आले होते. बादली तिथेच भिंतीशी पालथी घातलेली होती.

“मी हळू बोलेन,” साहेब मला म्हणाले. “त्यानं परत म्हणायचं. तीन संधी.”

नामदेवरावांना नियम आधीच सांगून झाला होता. मी स्वतः दोनदा सांगितला होता.

साहेब कुजबुजले, “एकोणतीस.”

नामदेवराव गप्प.

“त्रेपन्न.”

गप्प. पाठ जराही हलली नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, त्रेपन्न, नामदेवराव, त्रेपन्न!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, वाईट वाटल्यासारखं. “मूर्तिजापूर.”

काही नाही. भिंतीवर एक कावळा बसला होता, तोही गप्प.

कारकुनानं टाकाची शाई झटकली. साहेबांनी रुमालानं मान पुसली, त्याच्याकडे झुकले आणि त्याच बारीक आवाजात म्हणाले, “लिही नंतर. आधी चहा सांग. तीन.”

“चार सांगा साहेब,” भिंतीकडे तोंड केलेले नामदेवराव म्हणाले. “मी बी हावो ना.”

कारकुनाचा टाक हवेतच राहिला. साहेबांनी आधी नामदेवरावांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद स्वतःकडे ओढून घेतला, स्वतःच त्यावर लिहिलं आणि सही केली.

“चार,” ते कारकुनाला म्हणाले.

चहा आला. चार कप, एकाच ट्रेमध्ये. नामदेवराव भिंतीकडून चालत आले आणि त्यांनी पहिला कप उचलला. आधी तीनदा, ऐकू आलेलं असूनही, भिंतीकडे तोंड करून पोपटासारखं बोलायचं त्यांनी का टाळलं, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी दवाखान्यावरून बार्शीटाकळीकडे गेली. बाहेर रांग लागली होती. मी माझ्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीच्या बरोबरीनं, दुसरी खुर्ची ओढली आणि कौसल्याबाईंना म्हटलं, “बसा. आजपासून विचारायचं तुम्ही. मी लिहीन.”