पंखा ओरडला म्हणून

येरमाळ्याच्या फाट्यावर खाजामियाँचं नाव काढलं की जुने ड्रायव्हर एकच गोष्ट सांगतात. ह्या माणसानं इंजिन कधी रडवलं नाही. ऊस भरून ढोकीच्या कारखान्याला जाताना बाकीचे ट्रक काळा धूर ओकत चढ चढायचे. खाजामियाँ चढ यायच्या आधीच गिअर उतरवत. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी गाडी थांबवत, बॉनेट उघडत, आणि कारण सापडल्याशिवाय पुढे जात नसत. मालक चिडायचे. पण त्यांच्या हातातली गाडी दुसऱ्यांच्या गाडीपेक्षा जास्त वर्षं टिकते, हे मालकांनाही मान्य होतं.

या कामात घर मागे राहिलं. मुलगा सोहेल कधी चालायला लागला, कधी शाळेत जायला लागला, हे त्यांना बायकोच्या, लालबीच्या तोंडून कळलं. पुढे सोहेल सौदीला एका गोदामात कामाला गेला. इकडे खाजामियाँच्या गुडघ्यांनी जवाब दिला आणि ते घरी बसले. बापलेक फोनवर बोलायचे ते एवढंच.

"जेवलास का?"

"जेवलो, अब्बा. तुमी?"

"जेवलो."

मग फोन लालबीच्या हातात जायचा.

एका सुट्टीत सोहेलनं आपला कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. घेतला तेव्हाच तो जुना होता. धूळ झटकून त्यात ट्रक चालवायचा एक गेम घातला आणि बापाला कीबोर्डावरचे चार बाण दाखवले. हा पुढं, हा मागं, हे दोन म्हणजे स्टिअरिंग. जाताना म्हणाला, "शुक्रवारी मला सुट्टी असती. जुम्म्याची नमाज झाली की बसत जावा. मी तिकडनं नेटवर येतो."

आणि खरोखर आला. पडद्यावर कुठल्याशा परदेशी रस्त्यानं दोन ट्रक एकामागं एक निघाले. खाजामियाँच्या कानाला हेडफोन, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"सोहेल, म्होरं उतार हाय. न्यूट्रल करू नको."

"अब्बा, हितं डिझेल वाचवायचं नसतंय."

"डिझेल फुकट हाय म्हणून ब्रेक बी फुकट हायत का?"

लालबी चहाचा कप ठेवत म्हणायची, "जिंदगीभर ट्रक हाकून जीव भरला न्हाय. आता घरात बी ट्रक! एखादी खेप माझ्या माहेराकडं तरी न्या."

गाडी चालवता चालवता बोलणं वाढलं. सोहेलच्या खोलीतल्या बिहारी पोराचं घोरणं, मुकादमाच्या शिव्या, दिवसभर उभं राहून सुजणारे पाय. समोरासमोर जे कधी निघालं नसतं, ते पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत निघायचं. एका शुक्रवारी सोहेल म्हणाला, "ल्हानपणी मला तुमच्या गाडीत बसायचं असायचं. एकदाबी न्हेलं न्हाय तुमी."

खाजामियाँनी आपला ट्रक हळू केला. मग म्हणाले, "तू व्हय म्होरं. मी मागनं येतो." त्या दिवशी दोघांनी रोजच्यापेक्षा लांबचा पल्ला मारला.

पुढे सोहेलच्या खोलीवरच्या पोरांनी नवा गेम घेतला. त्यात घाट होते, चिखल होता, काचेवर थेंब साचणारा पाऊस होता, आणि सगळ्यांना एकदम आपापला ट्रक घेऊन निघता यायचं. सोहेलनं तो घरच्या कॉम्प्युटरवरही उतरवून घ्यायला लावला.

"आपला प्रोसेसर लई जुना हाय, अब्बा. ह्या गेमचं वजन ओढंल का न्हाय, सांगता येत न्हाय. पण लावून बघा. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझे अब्बा खरे ड्रायव्हर हायत. पोरं वाट बघायलेत."

खाजामियाँ त्या शुक्रवारी धुतलेला शर्ट घालून बसले. गेम लावला. पडद्यावर गेम किती उघडला ते दाखवणारी एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली आणि कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा ओरडायला लागला. आधी घुमला, मग शिट्टीसारखा चढत गेला. त्यांनी डब्याला हात लावला. गरम. भरलेली गाडी चुकीच्या गिअरात घाटात अडकावी, तसा तो आवाज होता. त्यांनी बटण बंद केलं.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी डब्याचं झाकण काढलं, धूळ फुंकली, शेजारी टेबलफॅन लावला. पंखा पुन्हा ओरडला. पट्टी अर्ध्यावरही आली नव्हती. त्यांनी पुन्हा बंद केलं आणि सोहेलला फोनवर सांगितलं.

"अब्बा, ओरडू द्या ना त्याला. बंद कशाला करताव?"

"ओरडणाऱ्या इंजिनाला मी मारत न्हाय, बेटा."

"पुन्हा लावा. आमी थांबतो. सगळी पोरं थांबलेत."

"नको थांबवू त्यांना. न्हाय ओढत. जुनं हाय ते."

सोहेलनं तिकडं पोरांना काहीतरी सांगितलं. मग "बरं" म्हणाला.

दोघं जुना गेम आणखी काही दिवस खेळले. पण खेळताना मागून पोरं सोहेलला हाका मारायची. मग एक शुक्रवार चुकला, मग दुसरा. पुढे फोनच राहिला, आणि तो पहिल्यासारखा लवकर लालबीच्या हातात जाऊ लागला.

वर्ष उलटल्यावर खाजामियाँनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि बसस्टँडजवळच्या सिद्धलिंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊन ठेवला. "इकून टाक. साधी कामं करतो. नवा गेम तेवढा ओढत न्हाय."

"किती वेळ चालवून बघितला, चाचा?"

"पंखा ओरडला की बंद केला."

सिद्धलिंगनं मान वर केली. "पुरा चालूच होऊ दिला न्हाय?"

"न्हाय."

"मग ओढत न्हाय हे कशावरनं ठरवलं?"

त्यानं वायरी जोडल्या आणि गेम लावला. पट्टी सरकू लागली, पंखा चढला. खाजामियाँचा हात आपोआप बटणाकडे गेला. सिद्धलिंगनं तो धरला.

"हे इंजिन न्हाय, चाचा. फार तापलं तर आपणहून हळू होतंय, तरीबी न्हाय भागलं तर बंद पडतंय. नवा गेम पयल्या खेपंला आपलं सगळं सामान मांडून घेतो, तवा असाच बोंबलतो. जुन्याला उशीर लागतो. एवढंच."

"परत परत असंच?"

"न्हाय. पयल्या खेपंलाच."

चहा आला, पिऊन झाला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पंखा ओरडतच होता. मग त्याचा आवाज खाली उतरला आणि पडद्यावर रस्ता उघडला. गेमचं ओझं हलकं व्हावं म्हणून सिद्धलिंगनं चित्रातल्या सावल्या कमी केल्या, लांबची झाडं कमी केली. गावातून जाताना चित्र जरा अडखळायचं, पण मोकळ्या रस्त्यावर ट्रक नीट चालला. घाट होता. काचेवर पाऊस होता.

खाजामियाँनी तिथूनच फोन लावला. "सोहेल, चालला! नवा गेम चालला आपल्यावर."

"हो? कसा काय?"

"थांबायला पायजे होतं. मी थांबलो न्हाय."

तिकडे गोदामातला खडखडाट ऐकू येत होता. "अब्बा, ती खोली मोडली. बिहारवाला गावी गेला, बाकीचे दुसऱ्या कंपनीत. मला बी आता शुक्रवारी ड्युटी असती. खेळणं सुटलं." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "पोरं लई दिवस विचारायची, तुझे ड्रायव्हर अब्बा कवा येणार म्हणून."

"तू काय सांगायचास?"

"रस्त्यात हायत, म्हणायचो. येतेत."

मुकादमानं हाक मारली असावी. फोन बंद झाला.

सिद्धलिंगला पलीकडचं काही ऐकू आलं नव्हतं. तो आपल्या कामावर खूश होता. "बघा चाचा, ओढतंय का न्हाय?"

"ओढतंय की," खाजामियाँ म्हणाले, आणि पडद्याकडे बघत तसेच बसून राहिले.