नीमा आमची, बाकीची पाहुणी

मल्लिनाथ गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. त्याच्या घरून फोन यायच्या आधी बॅनर येऊन पोचला होता. वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, खाली त्याहून लहान मल्लिनाथचा, आणि मधे ठळक अक्षरांत 'आमच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचे शिल्पकार'. मी फोन टेबलावर पालथा टाकला. शोकसभेत अध्यक्ष बोलले, प्राचार्य बोलले, उपप्राचार्य म्हणून मीही बोललो. माणूस दिलदार होता, विद्यार्थिप्रिय होता, असलं गुळमुळीत काहीतरी बोलून खाली बसलो. मग कक्षाला त्याचं नाव द्यायचा ठराव आला आणि टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! ज्या कक्षातून त्याला बदनाम करून हाकललं, त्याच कक्षाला आता त्याचं नाव. त्या हाकलण्यात माझाही हात होता. त्या सभेत जे बोलायला हवं होतं, ते आता इथं लिहितो आहे.

आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, तो रसायनशास्त्रात, मी इंग्रजीत. अक्कलकोटकडचा गडी, घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही. परदेशी विद्यापीठांशी करार केले की मूल्यांकनात गुण मिळतात, हे कळल्यावर आमच्याकडे करारांची साथच आली. शाल, श्रीफळ, फेटा, टेबलावर दोन देशांचे छोटे झेंडे, फोटो. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की करार कपाटात. मल्लिनाथला हे काही केल्या समजायचं नाही. "करार केलाय तर पोरं कधी जायची तिकडं?" असं तो भर मीटिंगमध्ये विचारायचा आणि आम्ही हसायचो. शेवटी आंतरराष्ट्रीय कक्षाचा समन्वयक होऊन त्यानंच वर्षभर चिकाटी धरून टांझानियातल्या एका विद्यापीठाशी खरीखुरी देवाणघेवाण जुळवली. त्यांची एक मुलगी एका सत्रासाठी इकडे येणार, पुढच्या सत्रात आपली दोन पोरं तिकडे जाणार. विषय, सोलापूरच्या कारखान्यांतून टॉवेल रंगवून झाल्यावर बाहेर पडणारं पाणी. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. "मास्तर, अमेरिका नाही का मिळाली?" मल्लिनाथ म्हणाला, "अमेरिकेत टॉवेल कुठं रंगवतात साहेब? ते नुसते अंग पुसतात."

नीमा आली तेव्हा तिला शहरात खोली मिळेना. घरमालक फोनवर हो म्हणायचे आणि दारात तिला बघितलं की त्यांच्याकडे अचानक गावाकडचे पाहुणे यायचे असायचे. अशी तीन-चार दारं झाल्यावर मल्लिनाथ तिला सरळ स्वतःच्या घरी घेऊन आला, बायकोला, महादेवीवहिनींना, न विचारता. मी बरोबर होतो. वहिनी स्वयंपाकघरातून पुटपुटत होत्या, "एक फोन तरी करायचा की माणसानं..." मल्लिनाथनं ताटं घेतली आणि नीमाला इंग्रजीत विचारलं, चहाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? "चाय." ताटातली पोळी दाखवून, आणि ही? "चपाती." हा उठून स्वयंपाकघराच्या दारात. "ऐकलं का? चायला चाय म्हणती, चपातीला चपाती. घरचीच हाय की ही!" वहिनींना हसू आवरेना. महिनाभरात नीमा त्यांना कानडीत 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायला लागली, ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून त्यांना खायला घालायला लागली. सकाळी तो तिला स्कूटरवर मागं बसवून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नमुने गोळा करायला न्यायचा. लोक वळून वळून बघायचे. बघू देत, म्हणायचा.

मग मूल्यांकन समिती यायची ठरली, आणि त्या कामाचा प्रमुख मी होतो. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "एका पोरीनं काय होतंय? पाच-सहा तरी दिसल्या पाहिजेत." मी पुण्यातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकाला फोन केला. तिथं शिकणारी सहा परदेशी पोरं दोन दिवसांसाठी गाडीत घालून आणली, आमच्या कॉलेजची ओळखपत्रं त्यांच्या गळ्यात अडकवली. एखाद्या लग्नात खुर्च्या भाड्यानं आणाव्यात तशी मी माणसं आणली. मल्लिनाथला सांगितलं नव्हतं. तो थेट सभागृहातच आला, पहिल्या रांगेतली ती अनोळखी पोरं बघितली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी नजर खाली घातली.

समितीचे अध्यक्ष साधे गृहस्थ होते. ते ज्या लॉजवर उतरले होते तिथं त्यांना पाणी जपून वापरायला सांगितलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी सहज कौतुकानं त्या पोरांना विचारलं, इथल्या पाण्याचं तुम्ही कसं जमवता? कितव्या दिवशी येतं? एक येमेनी पोरगा चटकन उभा राहिला आणि सोलापूरच्या नळाबद्दल म्हणाला, "चोवीस तास, सर!"

सभागृहात सोलापूरचा जो जो माणूस होता त्यानं शेजाऱ्याकडे बघितलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. समितीच्या अध्यक्षांनी मान वळवून नीमाला तोच प्रश्न केला. ती म्हणाली, "पाचव्या दिवशी येतं सर. काल आलं, आम्ही पिंप भरून ठेवलंय." मग त्यांनी मल्लिनाथकडे बघून विचारलं, ही सगळी तुमचीच मुलं का? तो उठला. "नाही सर. नीमा आमची. बाकीची पोरं पाहुणी आहेत."

एवढंच बोलला. खोटं बोलला असता तर आज त्याच्या नावाचा ठराव करायची वेळच आली नसती, फार आधी सत्कार झाला असता! संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे उभे. कुणाच्या तरी गळ्यात हे घालायला हवं होतं. "परदेशी मुलांचं काम मास्तरांकडे. मग ही पोरं आणली कुणी?" असं विचारून ते माझ्याकडे बघत राहिले. मी आणल्याचं त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक. मी म्हणालो, "ते समन्वयकांनाच माहीत." मल्लिनाथ म्हणाला, "मी नाही आणली." एकदाच. माझं नाव त्यानं घेतलं नाही, मी घेईन म्हणून थांबला होता बहुतेक... मी घेतलं नाही. समितीला आणि टांझानियाला कळवण्यात आलं की समन्वयकानं उत्साहाच्या भरात परस्पर हे केलं आणि पकडल्यावर कबूल केलं. तिकडच्यांनी करार मोडला, नीमाला सत्र अर्धवट टाकून जावं लागलं. आपली जी दोन पोरं जाणार होती, त्यातल्या एकीचे वडील यंत्रमागावर होते. पासपोर्ट आल्याचे पेढे ती वाटून बसली होती. पुढं वर्ष-दीड वर्षात मी उपप्राचार्य झालो. कशाबद्दल, ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यालो. तो शिकवत राहिला, कक्षाच्या दाराकडे फिरकला नाही. मी कधी विषय काढला नाही, त्यानंही नाही. मला वाटायचं, घरी तरी त्यानं खरं सांगितलं असेल. वहिनी मला घरी येऊ देतात म्हणजे त्यांनी मला माफ केलं असेल, अशी सोयीस्कर समजूत मी करून घेतली होती.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ठरावाला तुम्ही संमती देऊ नका, आणि का ते सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. "तुम्ही?" म्हणाल्या. "तुम्ही आणली ती पोरं?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. "मी विचारलं होतं ओ त्यांना, त्याच दिवशी. म्हणाले, मी नाही आणली. मी म्हटलं, अख्खं कॉलेज बोलायलंय ते काय खोटं? तुम्हालाच लई हौस होती ना परदेशी पोरांची... तिथनं पुढं ते या विषयावर बोललेच नाहीत माझ्याशी. मला वाटायचं, लाज वाटती म्हणून गप आहेत." त्यांचा आवाज चढत नव्हता, हेच मला सोसेना. "जाताना स्टेशनावर नीमा पण रडत रडत विचारायली, सर, का आणलं त्यांना? ते म्हणाले, ज्वारीचं पीठ बॅगेत वर ठेव, पिशवी फुटेल. भाऊजी, तुम्ही त्यांना त्यांच्याच घरात खोटं पाडलं. आता मी कुणापुढं नाक घासू?"

माझ्यासमोरचा चहा तसाच होता. त्यांनी कप उचलला, मोरीत ओतला आणि म्हणाल्या, "वर चला."

नीमा राहायची त्या वरच्या खोलीत गेल्यावर त्यांनी मोबाइलवर नीमाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं. नीमा आता तिकडे शिकवते, वर्गाबाहेर उभी होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, फोन अव्वांना द्या. मग दोघी आपल्या मोडक्यातोडक्या मराठी-इंग्रजीत बोलत राहिल्या, आणि वहिनी तिला खोली दाखवायला लागल्या. खिडकी, पंखा, कॉट. नीमा उंच, तिचे पाय कॉटबाहेर यायचे, म्हणून मल्लिनाथनं पायथ्याशी स्वतःच्या हातानं एक फळी ठोकली होती, हे मला त्या दिवशी कळलं. रसायनशास्त्राचा मास्तर, सुतारकीत शून्य. एक खिळा वाकडा गेलेला, डोकं वर. वहिनींनी फोन त्याच्या अगदी जवळ नेला. "हे बघ, अजून तसाच हाय. दर वेळी चादर फाडतोय मेला." पलीकडून हसण्याचा आवाज आला.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पेपरात लिहा. तुमचं नाव घालून." खाली घातलं आहे. आता संस्थेच्या अध्यक्षांनी आधी टांझानियाला खरं काय ते कळवावं, कक्षावरच्या त्याच्या नावाच्या पाटीचं नंतर बघू. मी जिना उतरत होतो तेव्हा वहिनी वर कॉटवर चादर घालत होत्या, आणि ती खिळ्याला अडकून फाटल्याचा आवाज मला खालपर्यंत आला.