बाहेरची कडी

जुनी व्हॅन घेऊन आम्ही नवराबायकोने ती सुताराकडून राहण्यासारखी करून घेतली. पलंग, ओटा, ड्रायव्हरच्या सीटमागे प्लायवूडची भिंत. मागच्या दाराचं हँडल पहिल्याच महिन्यात हातात आलं, तेव्हा त्या मेल्या सुताराने तिथे घराच्या दाराला असते तशी कडी ठोकून दिली, आतून एक, बाहेरून एक. आम्हाला ते फारच घरगुती वाटलं.

म्हसळ्याकडून किनाऱ्याला उतरताना वळणावळणाला फळ्या कुरकुरत होत्या. दुपारी सुरूच्या बनात गाडी लावली. मी आडवी झाले आणि हे मासळी आणायला गेले.

जाग आली ती गॅसच्या वासाने. वाटेतल्या धक्क्यांनी शेगडीची नळी सैल झाली होती, आणि सिलिंडरचं कपाट बाहेरून उघडणारं. दार ढकललं, तर बाहेरून कडी. खिडकी चार बोटं सरकली आणि अडकली. पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मी दुसऱ्या हाताने ओढून धरला. मग त्या फटीला तोंड लावून घसा फुटेस्तोवर ओरडले.

पलीकडे बोंबील वाळत घालणारी बाई धावत आली. "आत कोण हाय गो?" म्हणत तिने कडी काढली. मी कसाबसा सिलिंडर बंद केला आणि वाळूत बसले. 

हे पापलेटं घेऊन आले. म्हणाले, "अगं, कुत्री शिरतील म्हणून घातली. घरी नाही का बाहेरून घालत, सकाळी फिरायला निघताना तू झोपलेली असलीस की?"

घालतात. लग्न झाल्यापासून रोज घालतात, आणि मी आत निवांत झोपत आले.