गाडीचं तोंड रस्त्याकडे

नमस्कार मंडळी. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहाचा कप घेऊन उठून जाणाऱ्यांतला मी. अख्खी नोकरी लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नलवर काढली. सिग्नल उगाच लाल होत नाही... कुठेतरी वायर तुटलेली असते, नाहीतर उंदराने कुरतडलेली. शोधलं की सापडतं. या एका गोष्टीचं कारण मात्र मला आजपर्यंत सापडलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

रिटायर झाल्यावर मला जुन्या गाडीचं वेड लागलं. कामशेतच्या एका मेकॅनिकने सांगितलं, वडिवळ्याला एक स्टेशन वॅगन आहे, मागे वर उघडणारं दार असलेली लांब गाडी, बघाच. गेलो. भाताच्या खाचरांना लागून गोठा, त्यात ताडपत्रीखाली गाडी. काय सांगू! मूळ रंग, मूळ सीटा, डॅशबोर्डला एक चीर नाही. मालक, म्हणजे आबा, गेल्या वर्षी वारले होते. त्यांची बायको, सगळ्यांच्या मावशी, एकट्या. मागच्या सीटवर एक गोधडी होती, स्वच्छ धुतलेली, घडी घातलेली.

"गोधडी गाडीतच असूं द्या," मावशी म्हणाल्या. "आन एक करा भाऊ, गाडीचं तोंड कायम रस्त्याकडं ठेवा."

मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांची सवय, दुसरं काय.

सौदा करून गाडी घरी आणली. कुसगावला आमच्या घराला लागून गाडीपुरती शेड आहे. तीन बाजूंना भिंती, पुढे शटर, दोन्ही अंगांना जेमतेम दार उघडेल एवढीच जागा. शटर पश्चिमेला. दुपारचं ऊन थेट डॅशबोर्डवर येऊन तो तडकेल, म्हणून मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. गोधडी नेऊन माळ्यावरच्या ट्रंकेत टाकली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला एवढा विचार केला असतात तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर समोर हेडलाइट. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी.

मला आधी रागच आला. लेक मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, जावई तिला भेटायला आले होते. म्हटलं, यांनीच चेष्टा केली असणार. जावईबापू शपथेवर नाही म्हणाले आणि नाशिकला निघून गेले. मी गाडी परत फिरवून लावली. शटरला कुलूप, किल्ली माझ्या उशाखाली. सुनंदाने शटरसमोर दारभर रांगोळी काढली, ती मीच काढायला लावली होती. गाडी शेडमध्ये वळणं शक्यच नाही. वळवायची तर बाहेर काढावी लागणार आणि रांगोळी मोडणार.

सकाळी रांगोळीचा एक ठिपका हललेला नव्हता. किलोमीटरचा आकडा कालचाच. आणि गाडी... तोंड रस्त्याकडे.

सुनंदाने झाडू आणून रांगोळी पुसून टाकली.

त्याच दिवशी मी वडिवळं गाठलं. गाडी परत करायची असंच ठरवून गेलो होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तोंड भितीकडं केलंत व्हय?"

मी मान हलवली.

"माझं पैलं बाळंतपण," त्या म्हणाल्या. "कळा सुरू झाल्या आन गाडी अशीच, तोंड गोठ्याच्या भितीला. घाईनं मागं घेताना चाक खाचरात गेलं. गाव गोळा करून काढस्तोवर लय येळ झाला. लेकरू हाताला लागलं न्हाई. तवापासून ह्यांनी गाडी कधी तशी लावली न्हाई. गावातल्या कितीक बायांना ह्याच गोधडीवर निजवून नेलं. कुनी हाक मारायच्या आदी दारात गाडी असायची."

"आधी? ते कसं कळायचं त्यांना?"

"म्या इचारलं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मी गाडी परत केली नाही. तोंड रस्त्याकडे ठेवू लागलो आणि आठवडाभर काही झालं नाही.

मग एका शनिवारी दुपारी जेवून गाडी पुसायला गेलो. शटर उघडलं. गाडीचं मागचं दार वर उघडलेलं. मागची सीट पाडलेली. आणि तिच्यावर गोधडी अंथरलेली... जी माळ्यावरच्या ट्रंकेत होती.

घरात धावलो. मेघा खिडकीत बसून भाजलेलं कणीस खात होती. तिला अजून महिना होता.

"चल, हॉस्पिटल."

"बाबा, मला काहीही होत नाहीये."

"बाळ हलतंय?"

ती थांबली. "सकाळपासून जरा शांत आहे. झोपलं असेल."

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि थेट रस्त्यावर आली. लोणावळ्याकडे येणाऱ्या पर्यटकांची रांग लागलेली, आमची बाजू मोकळी. सोमाटणे फाट्याजवळच्या हॉस्पिटलात तिचं नाव घातलेलं होतं. तिथे बाळाचे ठोके ऐकून नर्स पळतच डॉक्टरांकडे गेली. मानेभोवती नाळेचे वेढे. लगेच ऑपरेशन. नातीचं रडणं ऐकलं आणि मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून ढसाढसा रडलो. डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर घरी थांबला असतात तर अवघड होतं. वेळेवर कसं लक्षात आलं?"

मी काय सांगणार? गोधडीने सांगितलं?

पेढे घेऊन वडिवळ्याला गेलो. मावशींनी एक पेढा आबांच्या फोटोपुढे ठेवला, एक स्वतः खाल्ला.

मेघा आणि बाळ आता नाशिकला, तिच्या सासरी. घरात आम्ही दोघंच. गोधडी मी माझ्या हाताने ट्रंकेत ठेवली होती, वर कुलूप लावून.

आज सकाळी शटर उघडलं. मागचं दार वर. सीट पाडलेली. गोधडी अंथरलेली.

आधी नाशिकला फोन केला. दोघी ठणठणीत. मग मी सुनंदाकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे. तिने पर्स घेतली, मी चावी घेतली.

हे मी त्याच हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर लिहितोय. सुनंदा शेजारी आहे, माझा हात घट्ट धरून. केसपेपर काढताना खिडकीतल्या मुलीने विचारलं, "त्रास कोणाला होतोय?"

मी म्हटलं, "ते अजून कळलेलं नाही. दोघांनाही तपासा."