दंडावरची पाहुणी

मी रंगूनला निघालो तेव्हा पंधरा दिवस आमच्या गावात आजारी पडायची कुणाला सोय उरली नव्हती, कारण गावातलं झाडून सगळं औषध माझ्या गाठोड्यात गेलं होतं. सुंठ, ओवा, मुरडशेंग, काडेचिराईत, बिब्बे. एका म्हाताऱ्याने विंचवावर उगाळायची मुळी दिली आणि तिकडे विंचू नसले तर इथले घेऊन जा म्हणाला. ते गाठोडं बघून आमचा बैलसुद्धा दोन पावलं मागे सरला.

रंगूनच्या लाकूडवखारीवर तीन वर्षं बैल सांभाळायला माणसं हवी होती. ती नेणारा मुकादम लिंबागणेशचा. तिकडे हिवताप झाडाच्या पानापानाला लोंबतो, म्हणून कोयनेलच्या कडू गोळ्या जवळ पाहिजेत, आणि दंडावर देवीची लस टोचल्याची ताजी खूण पाहिजे, असं त्याने बजावलं. जहाजावर चढताना डॉक्टर दंड बघतो; खूण नसली की माघारी. मी तोवर पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली बिंदुसरा. समुद्र बघायला मिळतो म्हटल्यावर मी मानसुद्धा टोचून घेतली असती.

बीडच्या दवाखान्यातून टोचून आलो, कोयनेलही आणलं. एक गोळी चाखली, तर पुढे आठ दिवस माझ्या अंगावर बसलेली माशी थुंकत उडायची. लस तर अशी लागली की दंडाचं कवठ झालं, बंडीची बाही उसवली. मी खुशीत तो दंड आत्याला दाखवला. ही माझ्या बापाची थोरली बहीण. निजामाचा अंमल आमच्या उंबऱ्यापर्यंत होता, उंबऱ्याच्या आत तिचा.

आत्याने हात जोडले. मला नव्हे, दंडाला. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि हुकूम सोडला: नऊ दिवस फोडणी बंद, दाढी बंद, वहाणा बंद, घराबाहेर पाऊल बंद. अंगावर देवी, म्हणजे शितळामाय, आली की आमच्याकडे हीच रीत.

"आत्या, ही दवाखान्यातून आलीय. सुईनं."

"सुईनं येऊ दे न्हाईतर गाडीत बसून येऊ दे. बोलावलं तूच ना? पाहुणी घरात बसवून गावाला जातंय का कुणी?"

मुकादमाची गाडी सहाव्या दिवशी सुटणार होती. खपली पडली की माय गेली, हे मला ठाऊक होतं. पण नखाने काढावी तर खूण बिघडणार आणि डॉक्टर घरी धाडणार. मी खपलीशी गोड बोललो, तिला उन्हात बसवलं, जुन्या ओव्या म्हटल्या. ती हलेना.

सहाव्या दिवशी मुकादम दारात उभा.

"चलतो का बे? बैल जुंपलेत."

"आत यायचं न्हाई," आत्या म्हणाली. "घरात माय हाय."

मुकादमाने लांबूनच दंड पाहिला. "बाई, एवढी खूण बघून डॉक्टरच जहाज सोडून पळंल. सोडा की याला."

मी संधी साधली. "आत्या, माय सपनात आलती. समुद्र बघायचा म्हणली."

"सहा दिस बिनफोडणीचं आमी खातोय अन् बोलती तुझ्याशी? मला कावून न्हाई बोलली?"

मी गाठोड्याची गाठ उगाच आवळली. आत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. मग मुकादमाला विचारलं, "गाडी शिवंपल्याड उभी करताल का?"

"करतो की."

"मंग पाहुणी रीतीनं जाईल. दहीभाताची पाटी तूच घे डोक्यावर, पोरा. शीव वलांडून ठिव, अन् तसाच म्होरं जा. मायला लावून दिल्यावर मागं बघायचं नसतंय, ध्यानात ठिव."

डोक्यावर पाटी, पाठीवर गाठोडं, पुढे हलगी, मागे अख्खं गाव. एवढ्या थाटात आमच्या गावातून नवरीसुद्धा गेली नव्हती. शीव ओलांडून पाटी ठेवली आणि गाडीत चढलो. मागून आत्याचा आवाज आला, "कोयनेल गुळात घालून घे. पाणी उकळून पी." मान वळायला लागली, तशी मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. आत्या रडत असेल असं वाटलं. तेवढ्यात ती स्वतःच्या सुनेवर ओरडली, "बघत काय बसली, जा, लसणाची फोडणी टाक."

जहाजावरच्या डॉक्टरने माझा दंड पाहिला, गाठोड्याच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि वर जा म्हणून खूण केली. समुद्र बघितला. बिंदुसरेहून जरा रुंद निघाला.