नवापूरचं गोडं पाणी

मंडळी, आज कारखान्यातली पहिली पाळी सुटली आणि मी खोलीवर गेलोच नाही. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं होतं. बोईसरहून बाइक थेट नवापूरच्या किनाऱ्यावर काढली.

ओहोटी होती. ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरलं होतं आणि मी त्याच्यावरून हळूहळू गाडी चालवत होतो. त्या तंद्रीत चाकं लाटेत कधी शिरली, कळलंच नाही. लांबच्या प्रवासासाठी जिवापाड जपलेली माझी गाडी!

बोंबील वाळत घालणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "आरं, खारं पानी चेन खाईल! गोड्या पान्यानं धू. आमी होडीचं इंजिन पन तसंच धुतो." आणि घरातून प्यायच्या पाण्याचा हंडाच घेऊन आल्या.

मी चेन धुतली, स्पोकमधली वाळू काढली, पुसून बॅगेतलं तेल लावलं. तळाशी थोडं पाणी उरलं.

मावशी म्हणाल्या, "आता तोंड धू. तिथं पन खारं हाय."

"वारा लागला डोळ्यांना," मी म्हटलं.

त्या माझ्या ओंजळीत पाणी ओतत राहिल्या.

राइडवरून आलो की गाडी आपण आठवणीनं धुतो. स्वतःचं काय करता हो तुम्ही?