आज पोळा हाय का?

पुलगावच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते तेव्हा माझ्या हातात यादी होती. लोणच्याची बरणी, तिखट, तीन स्वेटर, पासपोर्ट, शुभाचा लसीचा दाखला. प्रत्येकापुढे खूण केलेली. शुभाचे बाबा सहा महिने आधीच इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका दवाखान्यात रुजू झाले होते. आता आम्ही दोघी निघालो होतो. शुभा सहा वर्षांची. "इंजिन काऊन ओरडून राह्यलं? आजी काऊन येऊन नाई राह्यली?" तिचं थांबतच नव्हतं. मी वैतागून म्हणाले, "तिथं असं बोलशीन त हसतीन लोकं. आता तोंडाले मुसकं बांध."

देवळीहून पोचवायला आलेली आई हसली. "बांधजो, पन सोडाचं बी लिहून ठेव तुया कागदावर."

मुसकं म्हणजे पिकात काम करताना बैलाने तोंड घालू नये म्हणून बांधतात ती दोरीची जाळी. तुम्हा गावाकडच्या वाचकांना हे सांगायला नको. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगते. मीही हसले आणि लिहिलं नाही.

लेस्टरला आठवड्याभरात मी घर लावलं. भाषाही लावली. 'मले' नाही, 'मला'. शाळेत तर तेही नाही, फक्त इंग्लिश. शुभा आधी शाळेत बोलेनाशी झाली, मग रस्त्यावर. थंडी पडली तशी घरातही. भूक लागली की भांड्याकडे बोट. मी तिच्या गळ्याला हात लावून बघायची, आत काही हलतं का. मग शाळेचं पत्र आलं: फरक पडला नाही तर मतिमंद मुलांच्या वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल, त्याआधी मुलांवर मानसोपचार करणाऱ्या एका बाईंना दाखवा.

बाईंच्या खोलीत वाळूची लाकडी पेटी होती आणि फळीवर बोटभर उंचीची माणसं, घरं, कुंपणं, जनावरं. मुलांना जे बोलता येत नाही ते ती वाळूत मांडतात, असं बाईंनी सांगितलं. मला कोपऱ्यात बसायची परवानगी होती, हात लावायची नाही. पहिल्या दोन खेपांना शुभाने वाळू नुसती सारखी केली. तिसऱ्या खेपेला तिने शिंगांची गाय उचलली, आपल्या मोज्याचा दोरा उसवला आणि तिच्या तोंडाभोवती गुंडाळला. एक वेढा, दोन, पाच. मध्ये ती एकटी गाय. बाकी सगळी माणसं कुंपणापलीकडून तिच्याकडे बघत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात हिचं तोंड कोणी दाबतं का?"

"नाही," मी लगेच म्हणाले. तिथे आईबापांकडून पोर काढून नेतात असं आम्ही ऐकलं होतं. मग त्या दोऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुलगावचा प्लॅटफॉर्म डोळ्यांपुढे आला. बोलले तर पोर जाईल की गप्प राहिले तर, काही कळेना.

"मी," म्हणाले. "मीच बांधलं. एका शब्दानं."

बाईंना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी पेटीकडे हात केला. मी शुभापाशी गुडघ्यांवर बसले. "हे काय हाय वो, माय?"

तिचे ओठ हलले. "मुसकं."

"सोडू?"

ती दचकून दाराकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. "आज पोळा हाय का?"

पोळ्याला बैलांना काम नसतं, मुसकंही नसतं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"हाय," मी म्हणाले.

गाठ पक्की बसली होती. मी ती नखाने उकलायला लागले. ती वाट पाहत राहिली.

आईला मी कळवलं, सोडलं म्हणून. तिने भावाकडून कार्ड लिहून घेतलं: "आता तुयं बी सोड."

त्याला दहा वर्षं होत आली. शुभा भरपूर बोलते, भांडतेही. तरी जेवताना जरा जास्त वेळ गप्प बसली की मी हातातला घास खाली ठेवते. ही सवय जायची नाही. तुम्ही पत्रातून विचारता, आता घर कोणतं, देवळी की लेस्टर? मला एवढंच सांगता येतं. संध्याकाळी दार ढकलून ती आत येते, दप्तर फेकते आणि ओरडते, "आई, मले भूक लागली!" तेव्हा मी घरी असते.